मागं राहिलेल्याचा टोल

माझ्या बापाचं तारण, म्हणजे प्रभूकडून उद्धार, झालं होतं की नाही, आणि झालं असेल तर ते टिकलं की गेलं, या एका प्रश्नाने माझी कॉलेजची सगळी वर्षं पोखरली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं काही दिसलं नसतं. अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहात मी वेळेवर उठत होते, वर्गात पुढच्या बाकावर बसत होते, संध्याकाळच्या प्रार्थनेत गीत सुरू करायचं कामही माझ्याकडेच होतं. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेली मी पहिली. पण गीत म्हणताना मन दर्यापूरच्या पुढच्या आमच्या गावात जाई, प्रार्थनाघराच्या बाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राही आणि तिथे बाला शोधत बसे.

बा म्हणजे माझे वडील. ते आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीची घंटा वाजवायचे. घंटा म्हणायची एवढंच, तो होता रेल्वेच्या रुळाचा तुकडा. कोणीतरी मूर्तिजापूरहून बैलबंडीत घालून आणलेला, कडुनिंबाच्या फांदीला साखळीने टांगलेला. त्यावर लोखंडी दांड्याने टोल द्यायचे. गावात घड्याळं नव्हती, म्हणून पहिली घंटा आंघोळीची आणि दुसरी निघायची. बाचा हात संथ होता. टोल विरून गेल्याशिवाय तो पुढचा देत नसे. आणि दुसरी घंटा संपली की तो थांबे. इतका थांबे की नव्या माणसाला वाटावं, झालं. मग एकच टोल आणखी पडे. लहानपणी मी विचारलं होतं, हा कशाला? बा म्हणाला, "हा मागं राहिलेल्याचा. कोनाचं लेकरू रडते, कोनाचं ढोर सुटते. त्यायले वाटू नये का, आता आपलं दार लागलं."

गावात हा टोल ठरूनच गेला होता. बाया चुलीपुढून उठताना म्हणायच्या, अजून मागचा पडला नाही, आहे वेळ.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी आमच्या वस्तीतली घरंच्या घरं बुद्धाला शरण गेली. माझे काका गेले, आत्या गेली, बाबरोबर शेतात राबणारी सगळी माणसं गेली. एक दिवस बा स्वतः मंडळीच्या पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच शिकून आलेले, मनाने चांगले. मी सुट्टीत घरी आले होते आणि त्यांच्या ओट्यावर मायबरोबर बसले होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं. बा म्हणाला, "साहेब, माही मानसं आजवर वाकून होती. आता उभी झाली. मी एकटा खाली बसून राहू काय?"

पाळकसाहेब म्हणाले, "आणि प्रभू? त्याला सोडणार तुम्ही?"

बा हसला. त्या हसण्यात राग नव्हता, पण थोडी धार होती. "त्यानं मले सोडलं, असं त्यानं तुमाले सांगतलं काय? नाही ना? मंग माह्या तोंडून तरी काहून वदवता?"

त्यानंतर बाही बुद्धाला शरण गेला आणि त्याचं नाव मंडळीतून कमी झालं. प्रार्थनाघरातल्या प्रभुभोजनाला माय एकटी जाऊ लागली. घरात मात्र भांडण झालं नाही. एकाच भिंतीवर दोन तसबिरी लागल्या. कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ जुना, बुद्धाची तसबीर नवी, आणि माय दोन्ही एकाच फडक्याने पुसायची. पुढच्या रविवारी बा पहाटे उठला, गेला, दोन्ही घंटा दिल्या, मागचा टोल दिला, दांडा झाडाला टेकवला आणि घरी परत आला. लोक आत गेले. तो आला नाही. असं बरेच महिने चाललं. ज्या घरात आपण जाणार नाही, त्या घरी तो दर रविवारी सगळ्या गावाला बोलावत होता.

मंडळीच्या पंचांना ते पटेना. त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मंडळीबाहेरच्या माणसाने घंटा द्यायची नाही, नियम हा नियमच असतो. पाळकसाहेबांनी संकोचत बाला सांगितलं. बाने दांडा त्यांच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "घ्या. पन मागचा टोल इसरू नका." नव्या माणसाला सांगताना ते नेमके तोच विसरले. नवीन घंटा वाजवणारे गृहस्थ मंडळीतले वयस्क होते, त्यांना घाई फार. माय चुलीपुढे बसून कान देई आणि म्हणे, "हे काय घंटा व्हय? डबडं पिटून राहिला नुसता. ढोरं तेवढी येतीन प्रार्थनेले." बा जागेवरून हलत नसे. सगळे टोल संपले तरी तो मान थोडी कलती करून थोडा वेळ बसून राही. मग उठून बैलांकडे जाई. ती कलती मान मी वसतिगृहात नेली. रात्री डोळे मिटले की तीच दिसे.

वसतिगृहाच्या मोठ्या बाईंना मी एकदा धीर करून विचारलं. नाव घेतलं नाही, एक ओळखीचे गृहस्थ आहेत असं म्हटलं. त्या म्हणाल्या, तारण हे देवाचं दान आहे, पण हातातलं दान माणूस टाकून देऊ शकतो. टाकलं की गेलं. काही दिवसांनी एक उपदेशक आले. फार सुरेख बोलत. त्यांनी सांगितलं, तारण एकदा मिळालं की ते कधीही जात नाही, प्रभूच्या हातातून आपल्याला कोणी ओढून नेऊ शकत नाही. मला वाटलं, कोणीतरी माझ्या छातीवरचा दगड उचलला. सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि तेच गृहस्थ पुन्हा उभे केले. त्यांनी प्रेमाने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, जो निघून गेला तो मुळात आलेलाच नव्हता."

दोघंही शास्त्र जाणणारे, दोघंही प्रार्थनाशील. एकाच्या मते बा हरवला होता. दुसऱ्याच्या मते तो कधी सापडलाच नव्हता. दोन्ही दारं बाच्या तोंडावर बंद होत होती. आणि दुसरं तर मला जास्तच लागलं. मला पहिली प्रार्थना बाने शिकवली. पेरणीच्या दिवशी तिफण जुंपण्याआधी तो वहाणा काढून काळ्या मातीत उभा राही आणि ओठ न हलवता बराच वेळ बोलत राही. माझ्या डोक्यावर हात ठेवून मला वसतिगृहात धाडताना त्याने माझ्यासाठी जे मागितलं, त्याच्याच बळावर मी इथवर आले होते. ज्याच्या बोटाला धरून मी देवाकडे आले, तो स्वतः आलाच नव्हता, तर मी तरी कुठे येऊन पोचले होते?

तेव्हापासून माझी प्रार्थना एकच झाली, बाला परत आण. चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला एखादी जागा रिकामी दिसली की मी ती मनात बासाठी धरून ठेवी. कोणी येऊन बसलं की उगीच दुखावल्यासारखं होई.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, आमच्या गावचे एक गृहस्थ काही कामाने अमरावतीला आले होते. ते मला वाटेत भेटले आणि म्हणाले, "तुह्या बाले पाहून ये वं बाई. छाती धरली त्याची. लई थकला." मोठ्या बाईंनी लगेच रजा दिली. मी गाडीत बसले तेव्हा मनात बाच्या तब्येतीपेक्षाही दुसरीच घाई होती. वेळ राहिला नाही, असं वाटत होतं. बासमोर काय बोलायचं, बायबलचं कोणतं वचन आधी, कोणतं नंतर, हे सगळं मी दर्यापूर येईपर्यंत मनात जुळवलं. इतकं शिकले ते याच दिवसासाठी, असंही वाटून गेलं.

दर्यापूरहून पुढची गाडी मिळाली, पण तिने आमच्या फाट्यावर सोडलं तेव्हा आभाळ खाली उतरलं होतं. फाट्यावर चहाच्या टपरीत एक म्हातारे बसले होते. ते म्हणाले, "थांब वं माय. नाल्याले पानी असन. सकाळी जाजो." मी म्हटलं, माझे वडील आजारी आहेत. त्यांनी पुढे अडवलं नाही, डोक्यावर घ्यायला रिकामं पोतं दिलं. मी निघाले.

आमच्याकडची काळी माती ज्याने पावसात तुडवली आहे त्याला जास्त सांगायला नको. पाऊल टाकावं तशी माती पायाला चिकटते, आणि थोड्याच वेळात आपण आपले पाय नव्हे, शेतच उचलून चाललो आहोत असं वाटतं. वहाणा मी हातात घेतल्या. नाल्याला खरंच पाणी होतं, म्हणून उथळ जागा पाहायला काठाने वर गेले आणि तिथेच चुकले. पाऊस जोरात लागला. ज्वारी छातीपर्यंत वाढलेली, चारी बाजूंना सारखीच. बंडीची वाट कुठे गेली ते कळेना. उजेड संपत चालला होता. मी एका दिशेने जाई, पुढे पाणी लागे, मागे फिरे, मग मागे म्हणजे कुठे तेही कळेना. नाल्याचा आवाज एकदा डावीकडून येई, एकदा समोरून.

मी प्रार्थना करायला उभी राहिले आणि मला प्रार्थना आली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. वर्षानुवर्षं गीत सुरू करून देणारी मी, मला त्या ज्वारीत एक शब्द आठवला नाही. बासाठी जुळवलेली सगळी वचनं निघून गेली. देव आहे असंही त्या घटकेला वाटलं नाही, आणि नाही असंही नाही. फक्त पाणी होतं, चिखल होता आणि भीती होती. माझा विश्वास तेव्हा कुठे होता कोण जाणे. माझ्या हातात तरी तो नव्हता.

आणि टोल पडला.

रविवार नव्हता. प्रार्थनेची वेळ नव्हती. पावसातून आवाज अस्पष्ट येत होता, टोल सारखे पडत नव्हते, हात कोणाचा ते ओळखू येईना. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं, आता दिशा पुन्हा जाईल. मी श्वास धरून उभी होते. आणि मग तो एकच टोल आला.

मी तिथे मोठ्याने रडले. हात अनोळखी होता, पण ती थांबण्याची रीत सगळ्या तालुक्यात एकाच माणसाची होती.

आवाज माझ्या पाठीमागून येत होता. मी गावापासून दूर चालले होते. मी वळले. घंटा पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली, पुन्हा तो एक टोल, असं चालूच राहिलं. मी वाट पाहिलीच नाही, आवाजाकडे तोंड ठेवून ज्वारीतून, कपाशीच्या पऱ्हाटीतून, बांधांवरून चालत राहिले. नाला कमरेपर्यंत लागला तिथे ओलांडला. मधे पडले, वहाणा गेल्या, डोक्यावरचं पोतं गेलं. टोल थांबले नाहीत.

कडुनिंबाखाली पोचले तेव्हा पाहिलं, दांडा पाळकसाहेबांच्या हातात होता. ते नखशिखान्त भिजले होते, कंदील झाडाच्या खोबणीत ठेवला होता. बा प्रार्थनाघराच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसला होता, धापा टाकत होता आणि त्यांना सांगत होता, "थांबा साहेब. घाई नाही. अजून थांबा. आता एक." पाळकसाहेबांनी तो एक टोल दिला आणि मी कंदिलाच्या उजेडात आले.

बाने डोळे बारीक करून पाहिलं. "तू व्हय?" तो म्हणाला. "म्या म्हनलं, कोनी ना कोनी असन."

तिथेच उभ्या असलेल्या मायने घरी पोचेपर्यंत मला धरून ठेवलं आणि पोचल्यावर तोंड सोडलं. "शिकून शिकून हेच शिकली काय? अन तुहा बाप! पाऊस लागला तसा उठून बसला. म्हने, वाटेवर कोनी अडकलं असन, टोल द्या लागते. म्या म्हनलं, गुमान पडून राय, तर चालला भिंत धरू-धरू. पाळकाच्या दारात जाऊन दांडा मांगते!"

हे माझ्या मनात खूप दिवस घोळत राहिलं. मी येणार हे बाला कोणी कळवलं नव्हतं. त्याने मला हाक मारली नव्हती, मागे राहिलेल्या कोणाला तरी मारली होती. पण त्या पावसात मागे राहिलेली मीच होते, हे ज्याला ठाऊक होतं त्याने बाला अंथरुणातून उठवलं, असं मी मानते. पाळकसाहेबांनाही त्यानेच दार उघडायला लावलं. कोणी याला योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी चुकीच्या दिशेने चालले होते, आणि पोचले, एवढंच मला सांगता येतं.

सकाळी ऊन पडलं. बाला ओट्यावर बसवलं होतं. मी त्याच्या पायाशी बसले. जुळवलेलं काही आठवत नव्हतं आणि आठवलं असतं तरी बोलता आलं नसतं. तरी विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "बा, तुनं येशूले सोडलं का?"

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका झाला होता. "माह्या मानसायसंगं चाललो, अन तेच बरं केलं. त्याचा मले पस्तावा नाही," तो म्हणाला. मग दम घेऊन, "पन तू मलेच काहून पुसून राहिली? ज्यानं धरलं होतं, त्याले पूस ना. सोडलं का नाही ते त्याले ठाव."

एवढंच. मला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. तो मंडळीत परत येतो म्हणाला नाही, पुढेही कधी म्हणाला नाही. पण त्या वेळी मला आदल्या संध्याकाळची ज्वारी आठवली. मी ज्याला माझा विश्वास म्हणत होते तो माझ्या हातून निसटला होता, आणि तरी मी नाला पार करून या ओट्यावर बसले होते. तारण माझ्या पकडीवर टिकायचं असतं तर ते त्या चिखलातच गेलं असतं. आणि माझ्या बाबतीत जर ते माझ्या पकडीवर नव्हतं, तर बाच्या बाबतीत ते बाच्या पकडीवर आहे, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

त्या रविवारी पाळकसाहेबांनी स्वतः घंटा दिली. दुसरी घंटा संपली, ते थांबले. ओट्यावर बाची मान कलती झाली. मागचा टोल पडला. "जमलं आता साहेबाले," बा म्हणाला आणि आत जाऊन आडवा झाला.

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा बा गेला. काकांनी आणि वस्तीतल्या माणसांनी त्याला आपल्या रीतीने निरोप दिला, वंदना म्हटली. माय आणि मी त्यांच्यात उभ्या होतो. पाळकसाहेब आले, काही वाचलं नाही, मागे उभे राहिले. माणसं परतू लागली तेव्हा ते आमच्या आधी निघून गेले होते. आम्ही नाल्यापाशी आलो आणि कडुनिंबाकडून टोल ऐकू आले, संथ, एक विरल्यावर एक. मग थांबले. काका चालता चालता उभे राहिले. सगळेच राहिले. मग तो एक पडला. काकांनी डोळे पुसले आणि मायला म्हणाले, "वहिनी, आता चाला."

आज मी अकोल्याच्या शाळेत शिकवते. देवाने मला खूप दिलं, माझ्या लायकीपेक्षा पुष्कळ. बाला परत आण, ही प्रार्थना मी आता करत नाही. बा तुझ्याकडे आहे, कसा आहे ते तुला ठाऊक, एवढं म्हणते आणि हात उघडे ठेवते. ते सोपं गेलं असं नाही. पुरुषांच्या बाजूची रिकामी जागा अजून दिसते, अजून जीव तिकडे ओढला जातो. पूर्वी त्या ओढीने भीती वाटे, आता वाटत नाही. ज्याची इतकी ओढ मला लागावी, त्याची माझ्याहून कितीतरी अधिक ओढ त्याला घडवणाऱ्याला नसेल का?

इथल्या चर्चची घंटा मोठी आहे, दोर ओढून वाजवायची, आवाज गोड. ती संपली की लोक आत जातात आणि मी पायरीवर थोडी थांबते. बरोबरच्या शिक्षिका म्हणतात, "चला ना बाई, सुरू झालं." मी म्हणते, तुम्ही व्हा पुढे. इथे तो शेवटचा टोल कोणी देत नाही. तरी तो पडल्यावरच मी आत जाते.